लोखंडी खेळ

माझ्या पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा लावल्या होत्या, त्यामुळे मी दिवसभर जराशी उलटी लोंबकळत असे. गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला होता. आदल्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं, म्हणून ह्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आधीच टाका घातला आणि बजावलं, जिने नाहीत, वाकणं नाही, खड्ड्यांतून रिक्षा तर मुळीच नाही. "हा टाका टिकला पाहिजे, बाकी मला तुझ्याकडून काही नको," असं त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी शिंकसुद्धा दाबून धरायला लागले.

मी जात्याच भांडखोर. सांडोर गावी केळीच्या वाडीत, चुलत भावांशी पाटाच्या पाण्यावरून भांडत वाढलेली. अशा बाईला पडून राहा म्हणणं ही शिक्षाच. भांडायला कुणी नसलं की मी स्वतःशी भांडते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तोच माझा दिवसभराचा उद्योग झाला. नायगावच्या नव्या टॉवरमध्ये आम्ही बाराव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बंद पडली तर? बाळ दुपारभर हललं नाही तर? आणि जास्तच हललं तर? नवरा ऑफिसातून फोन करून विचारायचा, "बरी आहेस ना?" मी म्हणायची, "मरत नाहीये अजून." तो बिचारा "शुभ बोल गं," एवढंच पुटपुटायचा.

मला सांभाळायला सासूबाई आल्या होत्या. त्यांचं गाव कामण-चिंचोटीच्या बाजूला, खाडीकाठी. घरची भातशेती. आल्या त्या दिवशी त्यांनी पिशवीतून आधी सुकी मासळी काढली आणि मग गावाकडचा विळा. तो त्यांनी माझ्या गादीखाली सरकवला. "लोखंड असला का काय जवल येत नाय," त्या म्हणाल्या. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर चाललं असतं. पण त्यांचे नियमही आले. बाळ घरात येईपर्यंत टोपडं आणायचं नाही, पाळण्याचं बोलायचं नाही आणि नाव तर मनातसुद्धा ठेवायचं नाही.

नावाचा नियम मला जिव्हारी लागला. त्याला कारण होतं. आदल्या खेपेला हॉस्पिटलात, नर्सनं मुलगा होता असं सांगितल्यावर, मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तेव्हा सासूबाई माझ्या पायांशी बसून म्हणाल्या होत्या, "नाव ठेवलं नवतं, बरं झालं." बरं झालं! मी ते वाक्य विसरले नाही. आई म्हणून रोज त्यांना हाक मारत होते, त्यांच्या हातचं जेवत होते, पण ते वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून होतं. नाव नाही म्हणून दुःख करायलासुद्धा जागा नाही. रडताना कुणाला हाक मारून रडायचं?

अशात एके दिवशी नवऱ्यानं माझ्यासाठी एक खेळ आणला. खेळ म्हणजे पत्ते-बित्ते नाहीत, कॉम्प्युटरवरचा. आपण एक योद्धा तयार करायचा, त्याला नाव द्यायचं आणि त्याला घेऊन गावोगाव, रानोमाळ भटकायचं, लोकांची कामं करायची, लढायचं. माझ्या शाळेच्या वयात सांडोरला भावाच्या खोलीत हा खेळ होता. पंख्याचा वारा कॉम्प्युटरला लागावा म्हणून आम्ही घामाघूम बसायचो. तेव्हा चित्रं म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, आवाज म्हणजे टुंईटुंई. नाव फक्त इंग्रजीत आणि तेही मोजक्या अक्षरांत मावेल असं. मी माझ्या लढवय्यीचं नाव भेंडी ठेवलं होतं, कारण वाडीतून भेंडी तोडायचं काम चुकवून मी खेळत असे. भेंडी शंभरदा मेली असेल. मेली की मागे जतन केलेल्या जागेवरून पुन्हा सुरू. मरण्याचं काही वाटायचंच नाही.

आता तोच खेळ नव्यानं सजवून बाजारात आला होता. ठिपक्यांच्या जागी माणसं दिसत होती, झाडांची पानं हलत होती, टुंईटुंईचं खरं संगीत झालं होतं. आणि मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला ती गोष्ट म्हणजे त्यात मराठी होतं. मराठी यथातथाच, कुठल्या यंत्रानं केलेलं असावं, 'तलवार सुसज्ज करा' असलं. पण होतं. नवऱ्यानं पोटापुढे छोटं टेबल लावून लॅपटॉप ठेवला आणि ऑफिसला गेला.

पडद्यावर प्रश्न आला, तुमच्या वीराचे नाव? खाली रिकामी चौकट. मी सवयीनं इंग्रजी भेंडी लिहायला गेले आणि थांबले. देवनागरीत लिहिता येत होतं. मला एकदम चेव आला. बाहेर सासूबाई तांदूळ पाखडत होत्या, सुपाचा आवाज येत होता. नाव ठेवायचं नाही काय? मनातसुद्धा नाही काय? मी आणि नवऱ्यानं कुजबुजत एक नाव ठरवलं होतं, मुलगा असो मुलगी असो, दोघांना चालेल असं. मी ते टाइप केलं. काना, मात्रा, सगळं नीट. माझ्या बाळाचं नाव मी पहिल्यांदा लिहिलेलं बघितलं आणि उलटी पडल्या पडल्या मला रडू आलं. डोळ्यांतलं पाणी थेट कानात गेलं.

पुढचा प्रश्न होता, खेळ कसा हवा? सोपा, मध्यम, कठीण. आणि चौथा, जो जुन्या खेळात नव्हता, लोखंडी. माझ्या गादीखाली विळा होता. उशाशी डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या होत्या. माझं रक्त कमी, म्हणून दिवसातून दोनदा लोखंडच गिळत होते मी. लोखंडी म्हणजे धडधाकट, लोखंडासारख्या अंगाची, असंच कुणालाही वाटेल ना? मला तर तो कौलच वाटला. दाबला.

दोन-तीन दिवस मजेत गेले. ती पडद्यावरची पोर झकास चालत होती. वाटेत एक शिंग मिळालं. ते फुंकलं की कुठूनही सोबती बोलावता येतात, पण त्यांचीही नावं आपणच ठेवायची. मी म्हटलं, आणखी नावं? नको गं बाई. एकटीच जाऊ दे. भेंडीसुद्धा एकटीच जायची.

शनिवारी दुपारी नवरा शेजारी बसला होता. पोर एका दलदलीत शिरली होती, चिखल, लव्हाळं, आपल्या खाडीकडचं खाजण असतं तसलं. चिखलातून काहीतरी उसळलं आणि तिला डसलं. तिचा चेहरा हिरवट झाला. विष चढलं होतं, प्रत्येक पावलाला जीव थोडा थोडा कमी. मी म्हटलं, "जाऊ दे, मागून सुरू करते." मागची जागा शोधू लागले तर नव्हतीच. नवऱ्यानं मदतीचं पान उघडलं आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला. लोखंडी खेळात वीराला एकच जीव. मागे जाता येत नाही. मेला की कायमचा.

"लोखंडी म्हणजे मजबूत ना?" मी म्हणाले.

"अगं, लोखंडी म्हणजे नियम लोखंडी," तो म्हणाला.

कपाळ माझं! मी लॅपटॉपकडे बघत राहिले. माझ्या बाळाच्या नावाची पोर चिखलात गुडघाभर उभी आणि तिच्यात पाच-सात पावलांचा जीव. नवरा समजूतदारपणे म्हणाला, "पुसून टाकू. नवीन सुरू कर." त्यानं कुठलंसं बटण दाबलं आणि पडद्यावर प्रश्न आला. त्यात आमच्या बाळाचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, हिला कायमचे मिटवायचे? हो. नाही.

त्याचा हात जळल्यासारखा मागे आला. आम्ही दोघं शिकलेली माणसं. तो इंजिनीअर, मी लग्नाआधीपासून बँकेत. हा खेळ आहे हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. पण ते 'हो' दाबायला आमच्या घरात बोट नव्हतं. आणि पुढे चालवलं तर मरणार. शेवटी नवऱ्यानं 'नाही' दाबलं.

"थोडक्यात वाचली! अजून पाच-सात पावलं टाकली असती तर मेली असती," मी मोठ्यानं म्हणाले, नावासकट. भीती वाटली की माझा आवाज चढतो.

दारात सासूबाई उभ्या होत्या. हाताला पीठ. "कोन मेली बाय?"

नवरा लहान पोरासारखा लॅपटॉप मिटायला लागला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, सांगूनच टाकते, होऊन जाऊ दे काय भांडण व्हायचं ते. आणि सांगितलं. नाव ठेवलं ते सांगितलं, लोखंडी ते सांगितलं, चिखलातली पोर दाखवली. वर हेही म्हणाले, "मागच्या वेळी नाव नव्हतं ते बरं झालं म्हणालात ना तुम्ही? मला नव्हतं बरं वाटलं."

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. सासूबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. पडद्यावरच्या हिरव्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांना खेळ कळला नसेल, पण विष आणि चिखल कळला.

"याच्या आदी मना दोन होती," मुलाकडे हनुवटी दाखवून त्या म्हणाल्या. "एक पोर, एक पोरगा. दोगांची नावं ठेवली होती, चांगली, देवाची. दोनी गेली. मग हा झाला तवा माज्या सासूनं याला सुपात घालून उकिरड्यावं ठेवला. शेजारनीनं मूठभर तांदूळ देऊन इकत घेतला आनि मना दिला. नाव ठेवला केऱ्या. मरन दारात आला तं त्याला सांगाचा, आमच्याकडं पोर नाय, केर हाय."

नवऱ्याच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका त्याला अजून केऱ्या म्हणतात. तो पसारा घालतो म्हणून म्हणत असतील, असं मी इतकी वर्षं समजत होते. त्याचाही तोच समज. तो आईकडे बघत होता. आपल्याआधी दोन भावंडं होती हे त्याला त्या शनिवारी दुपारी कळलं.

"हिचा नाव बदलता येतं का?" सासूबाईंनी विचारलं.

जुन्या खेळात आलं नसतं. नव्यात येत होतं. मी ते सुंदर नाव एकेक अक्षर मागे घेत पुसलं आणि विचारलं, "काय लिहू?"

"दगडी," त्या म्हणाल्या. "दगडाला काय चावतं नि काय व्हतं?"

मी दगडी लिहिलं, लॅपटॉप मिटला आणि तो विळ्याच्या बाजूला सरकवला. ती चिखलात तशीच राहिली. पाऊल टाकायचा धीर कुणाला नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, सातवा संपता संपता, सकाळी चहाच्या वेळी माझ्या पोटात कळ आली. मग दुसरी आली. लिफ्ट सुरू होती, त्या बापड्या लिफ्टवर मी नाही नाही ते संशय घेतले होते. गाडीत नवरा प्रत्येक खड्ड्याला माफी मागत होता. "हळू घे" म्हणावं तर उशीर होईल आणि "लवकर घे" म्हणावं तर टाका. मी सासूबाईंची बांगडी घट्ट धरून बसले. त्या सबंध रस्ताभर एकच पुटपुटत होत्या, "काय नाय, दगड हाय, काय नाय, दगड हाय." सिग्नलला शेजारचा रिक्षावाला आमच्याकडे बघत होता.

मुलगी झाली. वाडीतल्या कोवळ्या दुधीएवढी. मला नीट दाखवलीसुद्धा नाही, उचलून नेली आणि काचेच्या पेटीत ठेवली. नर्सनं विचारलं, "नाव काही ठरवलंय? हाक मारायला बरं पडतं." नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. ते नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं, इतके महिने होतं.

"दगडी," मी म्हणाले.

नर्स हसली. तिला वाटलं, मी गुंगीत आहे.

मला घरी सोडलं, तिला नाही. बाळंतीण घरात आणि बाळ हॉस्पिटलात, ह्यासारखी दशा वैऱ्याची होऊ नये. नवरा माझं काढलेलं दूध थंड डब्यात घालून न्यायचा आणि परत येऊन चपला काढायच्या आत मला सांगायचा, आज श्वास नीट आहे, आज थोडी कावीळ दिसते, आज दूध पचलं, आज नाही पचलं. फोन वाजला की डिलिव्हरीवाल्या पोरावरसुद्धा मी खेकसायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि माझ्या पाठी तर त्याचं अख्खं कुटुंब.

एका दुपारी नवरा परत आला तो चपला न काढता दारातच उभा राहिला. पोरीला विषाची लागण झाली होती. रक्तात जंतू, असं डॉक्टर म्हणाले होते, पण माझ्या कानांनी विष असंच ऐकलं. आज-उद्याचा दिवस बघायचा. तो पुन्हा जायला निघाला. मला टाके, ताप, मला कुणी नेईना. मी पलंगावर बसून राहिले, आता विटा काढलेल्या सपाट पलंगावर.

सासूबाईंनी दार लावलं, हात धुतले आणि माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "ती चिखलातली पोर काड बाय."

"आई, तो खेळ आहे हो."

"असू दे. पोरीला चिखलात ठेवून कोन बसतं?"

मी लॅपटॉप उघडला. दगडी होती तिथेच उभी होती, हिरवीगार, पाठीला झोळी, चार बाजूंना लव्हाळं. एक पाऊल टाकलं. जीव कमी झाला. मी हात मागे घेतला.

"एकलीच हाय?" सासूबाई म्हणाल्या. "संगं कोन नाय?"

शिंगाची मला तेव्हा आठवण झाली. सोबत्यांत एखादा वैदू मिळतो, तो विष उतरवतो. मी शिंग फुंकलं. चिखलाच्या काठावर तीन सावल्या आल्या आणि एकामागून एक रिकाम्या चौकटी उघडल्या. तुमच्या सोबत्याचे नाव?

"आई, आता ह्यांची नावं हवीत."

सासूबाईंनी एक नाव सांगितलं. थोड्या वेळानं दुसरं. दोन्ही देवाची, जुन्या वळणाची, हल्ली कुणी ठेवत नाही अशी. नवऱ्याच्या जन्माआधीपासून ती त्यांच्या तोंडून निघाली नव्हती.

"अहो पण, इथे मेलं की कायमचं मरतं," मी म्हणाले.

"ती जावाची ती गेली बाय. त्यांना आता काय होतं? जाऊ दे त्यांना हिच्यासंगं."

मी दोन्ही नावं लिहिली. तिसरी चौकट उघडी होती. तिच्यात ती बारीक रेघ लुकलुकत होती. सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आनि तुजं?"

मला कळलं, पण मी न कळल्यासारखं केलं. "त्याला कुठे नाव होतं?"

"माजंच चुकलं तवा. आता ठेव."

मी रडले. लाज न बाळगता, मोठ्यानं, भोकाड पसरून रडले, आणि रडता रडता त्याच्यासाठी एक नवं नाव लिहिलं. लिहिल्याबरोबर मनात आलं की ह्या पोराला इतके महिने कुणी हाक मारली नव्हती. सासूबाईंना वाचता येत नव्हतं म्हणून मी वाचून दाखवलं. त्यांनी ते एकदा म्हटलं, जेवायला बोलवावं तशा सुरात. तिघं दगडीजवळ आले. सासूबाईंची मोठी, म्हणजे पोरीची आत्या, वैदू निघाली. दगडीचा चेहरा हळूहळू हिरव्याचा गव्हाळ झाला आणि चौघं एका ओळीत चिखलातून चालू लागले. सासूबाई शेवटच्या पावलापर्यंत माझा गुडघा धरून होत्या.

हॉस्पिटलातला तो दिवस गेला, दुसराही गेला. खेळामुळे गेला असं मी म्हणणार नाही. औषधांनी गेला, नर्सबाईंच्या जागरणांनी गेला. पण पोरगी घरी आली तेव्हा वजनकाट्यापेक्षा माझा सासूबाईंच्या चेहऱ्यावर जास्त विश्वास होता, हे खरं.

बारसं उशिरा केलं, घरातल्या घरात. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणून झालं, नणंदेनं, नवऱ्याच्या पाठच्या बहिणीनं, पाळण्यात वाकून पोरीच्या कानात ते नाव सांगितलं, जे मी एकदा लिहिलं होतं आणि पुसलं होतं. सगळ्यांनी नणंदेच्या पाठीत धपाटे घातले, हसले, घुगऱ्या वाटल्या. मग सासूबाई पुढे आल्या. मला वाटलं, दृष्ट काढणार. त्या पाळण्याच्या दुसऱ्या बाजूनं वाकल्या आणि पोरीच्या दुसऱ्या कानात, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं, तीन नावं बोलल्या, एकेक करून.

"ही तुजी आत्या," त्या म्हणाल्या. "हा तुजा काका. आनि हा तुजा दादा."